मागून येणारा कावळा

आमच्या इकडे प्रत्येक घराचे दोन डोमकावळे असतात. कुणी पाळत नाही, कुणी पकडून आणत नाही. शरदात डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणून झाल्या की खिंडीपाशी सगळे कावळे जमतात, दिवसभर नुसता कलकलाट चालतो, आणि कुठल्या घरी कुठली जोडी जाणार ते तिथे ठरतं, असं जुनी माणसं सांगतात. आपल्या वाट्याला आलेल्या जोडीला हिवाळाभर घरामागच्या दगडावर उरलंसुरलं टाकायचं. मेंढ्या विण्याच्या दिवसांत कावळे छळतात, जन्मल्या जन्मल्या कोकरांचे डोळे काढतात. तेव्हा बंदूक चालवायला कुणाची ना नसते. पण ती परक्या कावळ्यांवर. आपल्या घरच्या जोडीवर नाही.

मी टोर्फी. खाडीच्या या काठावरचं शेवटचं घर, स्कारद, ते माझं. तीस वर्षांपूर्वी आम्ही नवराबायको दक्षिणेकडून इथे आलो तेव्हा हा नियम ऐकून मी हसलो होतो. मी तापट माणूस आहे, आणि तापट माणसाला नियम हसण्यावारी न्यायला वेळ लागत नाही.

माझ्या बायकोचा, स्टेनवरचा, मात्र त्या जोडीवर भारी जीव. तिने त्यांना नावंही दिली होती, आणि तीही थेट देवांच्या घरची. जुन्या देवांचा म्होरक्या, एका डोळ्याचा ओदिन, त्याचे असेच दोन डोमकावळे होते. एक हुगिन, म्हणजे विचार. दुसरा मुनिन, म्हणजे आठवण. रोज सकाळी तो दोघांना जगभर सोडायचा आणि परत येईपर्यंत घोर लावून बसायचा. विचार परत आला नाही तर काय, याची त्याला काळजी होतीच, पण आठवण परत आली नाही तर काय, याची जास्त.

"तू स्वतःला ओदिनची बायको समजतेस की काय?" मी विचारायचो.

"समजायचं कशाला? सगळं समोर असून तुला दिसत नाही, म्हणजे एक डोळा तर तुझा गेलेलाच आहे," ती म्हणायची.

मला त्यात विशेष काही वाटत नसे. अर्ध्या खाडीतल्या एडक्यांचं नाव थोर असतं, म्हणजे हातोडावाला देव, आमच्या कुत्र्याचं नाव गार्म, म्हणजे पाताळाच्या दारावरचा कुत्रा. देव गेले आणि नावं उरली, एवढंच मी धरून चाललो होतो.

हुगिन आधी यायचा, दाणकन दगडावर उतरायचा आणि खाऊन मोकळा व्हायचा. मुनिन मागून यायचा. कडेला बसायचा, मान वाकडी करून आमच्या खिडकीकडे बघायचा, आणि रिकाम्या बादलीत थेंब पडावा तसा एक आवाज काढायचा. स्टेनवर त्याचा वाटा वेगळा काढून ठेवायची आणि तो येईपर्यंत थंडीत उभी राहायची.

आमचा मुलगा हालवार. एकुलता एक. सहा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, खाडीच्या तोंडाशी त्याची मासेमारीची बोट उलटली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. बोट मिळाली, तो मिळाला नाही. बुडालेल्यांना रान नावाची समुद्रदेवी आपल्या जाळ्यात ओढून नेते, असं इथे म्हणतात. चर्चच्या अंगणात आम्ही त्याच्या नावाचा नुसता दगड उभा केला.

तेव्हापासून रोज सकाळी स्टेनवर कावळ्यांना घालून आत यायची, कॉफी ओतायची आणि म्हणायची, "एक सांगू?" मग हालवारची एक आठवण सांगायची. रोज एक, आणि तीच पुन्हा कधी नाही. तो कुठल्या बुटात वाळू भरून आणायचा, कुठल्या शब्दाला अडखळायचा, तापात काय बरळला होता. सहा वर्षं तिचा साठा संपला नाही. मला ते सोसायचं नाही. आणि माझ्यासारख्या माणसाला सोसलं नाही की राग येतो. "पुरे!" म्हणून मी ओरडायचो आणि कप घेऊन मेंढवाड्यात निघून जायचो. त्या सहा वर्षांत एकदाही मी "मग? पुढे?" असं विचारलं नाही.

गेल्या मे महिन्यात विण्याचा हंगाम भरात होता. चार दिवस मी धड झोपलो नव्हतो. दुपारी कुंपणाजवळ एक पहिलटकरीण मेंढी व्यायली, आणि मी पाण्याची बादली घेऊन पोचेपर्यंत कावळा कोकराच्या डोक्यावर बसला होता. एक डोळा गेलाच होता. कोकरू ओरडत होतं आणि कावळा मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. मी त्याला ओळखलं. त्यानेही मला ओळखलं असणार, कारण तो उडाला नाही.

त्या सकाळीही स्टेनवरने "एक सांगू?" म्हटलं होतं, आणि मी ओरडलो होतो.

बंदूक कुंपणाला टेकवलेली होती. मी गोळी कोकरासाठी झाडली असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. आज तसं सांगत नाही. मुनिन गवतावर पडला आणि पडता पडता त्याच्या घशातून तो बादलीतल्या थेंबाचा आवाज आला, एकदाच. हुगिन वर घिरट्या घालत राहिला. मी मेलेल्याला पायाने लोटून ओढ्याच्या कडेला दगडांखाली पुरलं.

स्टेनवर कोकराला कुशीत घेऊन आत गेली, डोळा धुतला, बाटलीने दूध पाजलं. कोकरू जगलं. तिने त्याचं नाव ओदिन ठेवलं. गोळीबद्दल तिने विचारलं, मी म्हटलं, परका कावळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कॉफी ओतली, सुक्या माशाला लोणी लावलं आणि खाऊ लागली. मी वाट पाहिली. ते "एक सांगू?" आलंच नाही. सुटलो, असं मला वाटलं. देवाशप्पथ, असंच वाटलं. आठवडाभर मी निवांत कॉफी प्यायलो.

जूनच्या चोविसाव्या तारखेला हालवारचा वाढदिवस. दर वर्षी ती त्याच्यासाठी पातळ गोड धिरडी करायची, रुबार्बचा मुरंबा घालून, आणि एक बशी त्याच्या जागेवर ठेवायची. त्या दिवशी दहा वाजले तरी तवा थंडच होता.

"आज धिरडी नाहीत?" मी विचारलं.

"का? कोण येणार आहे?"

"आज चोवीस तारीख."

"बरं मग?"

मी भिंतीवरचा फोटो काढून तिच्या पुढ्यात ठेवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला.

"कोण रे हा? देखणा आहे पोरगा," ती म्हणाली. "नाक अगदी तुझ्यासारखं. तुझ्या भावाचा का?"

मी तिला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. तिने वार सांगितला, शंभरातून सात सात वजा करत खाली आली, एकशे चाळीस मेंढ्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवली आणि वर डॉक्टरीणबाईंच्या स्वेटरची वीण चुकली आहे हेही सांगितलं. "डोकं तर तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "फार दुःख झालं की कधी कधी मन एखादं दार लावून घेतं. वेळ द्या."

वेळ दिला. रोज संध्याकाळी तिला सांगत होतो, आपल्याला मुलगा होता, त्याचं नाव हालवार. ती माझ्या समाधानासाठी मान डोलवायची. सकाळी पुन्हा कोरी पाटी. चर्चच्या अंगणात दगडासमोर उभी राहून ती म्हणाली, "बिचारा. किती लहान गेला. आई आहे का रे याची?"

त्या उन्हाळ्यात ती सुखी होती. हे लिहायला लाज वाटते, पण होती. अंगाने भरली, कामाला दुप्पट हात चालायला लागला, सगळं घर हिशेबशीर. विचार शाबूत होता. हुगिन मेंढवाड्याच्या छपरावर दिवसदिवस एकटा बसायचा, आणि एका डोळ्याचं कोकरू अंगणात उभं राहून त्याच्याकडे बघत राहायचं. हालवार आता फक्त माझ्याकडे उरला होता. आणि माझ्याकडे होतं ते किती थोडं! सहा वर्षं मी कान बंद करून बसलो होतो. तिने सांगितलेल्या दोन हजार आठवणींपैकी मला धड पन्नास सांगता आल्या नसत्या.

सप्टेंबरात मेंढ्या खाली आल्या, खिंडीपाशी कावळ्यांची सभा भरली आणि मोडली. दुसऱ्या दिवशी दगडावर दोन कावळे होते. हुगिन, आणि मागून आलेला एक नवा, म्हातारा, डाव्या पायाचं एक बोट नसलेला.

"जोडी जमली!" स्टेनवर टाळी वाजवून म्हणाली.

नव्या कावळ्याने चोच उघडली आणि म्हाताऱ्या बाईच्या घोगऱ्या आवाजात स्पष्ट हाक मारली, "स्वाला! घरी ये!"

डोमकावळे नकला करतात, मला माहीत आहे. ट्रॅक्टरची करतात, कुत्र्याची करतात. तरी माझ्या हातातली बादली खाली पडली, कारण तो आवाज मी ओळखत होतो. तो खाडीपलीकडच्या एयरी नावाच्या घरातल्या ग्रोवाचा होता. ग्रोवा शहाऐंशी वर्षांची, एकटी. वसंतात पाय मोडला म्हणून तिला तालुक्याच्या वृद्धाश्रमात नेलं आणि एयरीला कुलूप लागलं. तिच्या कावळ्याला आता तिथे घालायला कुणी नव्हतं.

स्टेनवर आत आली, कॉफी ओतली, माझ्यासमोर बसली.

"एक सांगू?"

मी कप खाली ठेवला. "सांग," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"स्वालाचे ते लाल हातमोजे आठवतात? हरवू नयेत म्हणून मी दोन्हींना दोरी लावून बाह्यांमधून ओवली होती. तरी एक हरवलाच. चमचे गवतात लपवायची आणि मग तिलाच सापडायचे नाहीत. सीलला काय घाबरायची रे ती! म्हणायची, त्याला आजोबांसारख्या मिशा आहेत."

"स्टेनवर," मी म्हटलं, "आपल्याला मुलगी नव्हती."

"असं कसं बोलवतं तुला?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सात वर्षांची होती. गोठलेल्या खाडीच्या बर्फावरून पलीकडे निघाली होती, टोर्फी. मी हाका मारत होते."

त्यानंतर रोज सकाळी एक. सहा वर्षं हालवारसाठी रडली होती तशीच ती स्वालासाठी रडायची, आणि मी परक्याच्या अंत्ययात्रेत शिरल्यासारखा समोर बसून राहायचो. ग्रोवाला मूल असल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. तीस वर्षांत तिने चकार शब्द काढला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मी गाडी काढून वृद्धाश्रमात गेलो. ग्रोवा खिडकीपाशी बसून दह्याची वाटी चाटूनपुसून साफ करत होती. तब्येत खुलली होती.

"ग्रोवा, मी टोर्फी. स्कारदचा."

"दिसतंय की. अजून तसाच फुगलेला. मेंढ्या बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत. ग्रोवा, तुला मुलगी होती का?"

"मला?" ती खळखळून हसली. "मला कुठली मुलगी! असती तर या खुराड्यात बसले असते का?"

तिची देखभाल करणाऱ्या पोरीने मला दारापाशी गाठलं. हळूच म्हणाली, "आम्हालाही कळत नाही. उन्हाळाभर रोज रडायची. स्वाला, स्वाला. पन्नास वर्षांपूर्वी मुलगी बर्फातून खाली गेली, म्हणाली. संध्याकाळी खिडकी उघडून हाका मारायची. मेंढ्या खाली आल्या त्या आठवड्यात एकदम थांबलं सगळं. आता तिच्याच सामानातलं हे कुणाचं म्हणून आम्हालाच विचारते." तिने कपाटातून एक पुठ्ठ्याचा डबा काढला. आत लहान मुलाचा एकच लाल हातमोजा होता, आणि त्याला तुटलेली दोरी.

"घेऊन जा रे ते," ग्रोवा मागून ओरडली. "तुमच्याकडे कुणी लहान असेल तर होईल उपयोगी. इथे धूळ खातंय."

येताना मी दोनदा गाडी थांबवली. बंदूक घरीच होती आणि काय करायचं ते मला कळत होतं. त्या म्हाताऱ्या कावळ्याला उडवलं की स्टेनवर पुन्हा हसायला लागेल, धिरडी नाहीत, रडणं नाही. पण मग ती मुलगी कुठे जाईल? तिच्या आईकडे ती उरलेली नव्हती. जगात तिला आता एकच जागा होती, ती माझ्या बायकोकडे. एका मुलाला मी गोळी घालून बसलो होतो. आणखी एक माझ्याच्याने होणार नव्हतं.

हातमोजा मी टेबलावर ठेवला. स्टेनवरने तो उचलला, नाकाशी धरला आणि जमिनीवरच बसली. मी तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "याच्या जोडीचा विणते. लाल लोकर आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळ्यांना घालायला मी गेलो. धुरवलेल्या मटणाची हाडं दगडावर ठेवली. हुगिन खाऊन उडाला. म्हातारा मागून आला, कडेला बसला, मान वाकडी करून बघू लागला. तिथे, एकटा, मूर्खासारखा उभा राहून मी त्याला हालवारची एक आठवण सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने. कावळ्याने खाणं थांबवून ऐकून घेतली.

काय सांगितलं, ते मला माहीत नाही. दगडापासून दारापर्यंत वीस पावलं आहेत. दाराला हात लावला तेव्हा मी काहीतरी सांगितलंय एवढंच उरलं होतं. दात पडल्यावर जीभ जाते तशी रिकामी जागा.

स्टेनवरने कॉफी ओतली.

"एक सांगू? गंमतच आहे. हे स्वालाचं नाही. एक मुलगा होता. पाचेक वर्षांचा. डोक्यावर पातेलं उपडं घातलेलं, आणि हातात मांस कुटायचा हातोडा. थेट एडक्याच्या कुंपणात शिरला. मी ओरडत धावले, तर एडका आपला उभा, आणि हा त्याच्यापुढे हातोडा धरून म्हणतोय, 'घे, तुझा आमच्या स्वयंपाकघरात राहिला होता.'" ती हसायला लागली. "एडक्याचं नाव थोर होतं ना! देवाचा हातोडा परत द्यायला गेला होता रे तो!"

मीही हसलो. इतका हसलो की पोट दुखलं. ही गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ती माझ्याच मुलाची होती.

"कोण होता तो?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. नाक तुझ्यासारखं होतं."

"मग? पुढे?" मी म्हणालो. "एडक्याने काय केलं?"

आज या गोष्टीला एकोणचाळीस दिवस झाले. रोज सकाळी मी एक देऊन येतो आणि ती मला एक सांगते. माझ्याकडच्या आता संपत आल्या आहेत. घराच्या दगडी भिंतीला ओल चढावी तसं आतून काहीतरी सरकतंय, हे कळतं, आणि भीती वाटते. फोटोतल्या पोराकडे बघून काल क्षणभर मला त्याचा आवाज आठवेना. स्टेनवरला आठवला. तिने तो काढून दाखवला. लाल हातमोज्यांची जोडी तिने चुलीजवळच्या खिळ्याला लावली आहे. तिच्या आठवणीत आता कधी कधी ती दोघं एकत्र खेळतात.

आज कॉफी ओतताना ती थबकली. म्हणाली, "त्या मुलाचं नाव काय असेल रे? ओठांवर येतं आणि जातं."

मी सांगितलं. तिने मान डोलवली. माझं सांगितलेलं तिच्यापाशी टिकत नाही, उद्यापर्यंत ते गेलेलं असेल.

नाव मी कावळ्याला दिलेलं नाही. शेवटची वस्तू म्हणून धरून ठेवलं होतं. उद्या सकाळी देणार आहे. मग वीस पावलं चालून आत येईन, खुर्चीत बसेन, आणि ती मला माझ्या मुलाचं नाव सांगेल.